रणांगण कल्याणचे, निकाल लंडनचा

१७८० च्या मे महिन्यात कल्याणच्या तटाआड बसलेल्या कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेलच्या हाती एक पत्र पडले. लिहिणारा त्याच्याच फौजेतला, एन्साइन फाइफ. म्हणजे अगदी कनिष्ठ अधिकारी. साठेक माणसे आणि तीन तोफा घेऊन तो पुढच्या चौकीवर होता. मराठ्यांनी ती चौकी मारली, फाइफला धरले आणि त्याच्याकडून हे पत्र लिहून घेतले. कल्याण मुकाट्याने खाली करा, नाहीतर फाइफ आणि त्याच्याबरोबरचे कैदी मारले जातील, शहरावर एल्गार होईल आणि आत एकही जीव वाचणार नाही, असा त्याचा मतलब होता. कॅम्पबेलने उलट निरोप धाडला की नाना फडणवीसांना शहर हवे असेल तर त्यांनी खुशाल घ्यावे, घेता आले तर.

इंग्रजांच्या इतिहासांत हे उत्तर बाणेदारपणाचा नमुना म्हणून येते. ते तसे आहेही, पण त्या उत्तरावर पणाला फाइफची मान लागली होती, कॅम्पबेलची नव्हे, हे सहसा कोणी बोलत नाही. दुसरेही एक आहे. कॅम्पबेलला एवढी ऐट परवडली, कारण त्याच्या मदतीला एक माणूस निघालेला होता. त्याचे नाव जेम्स हार्टली. ठाणे जिल्ह्याच्या भूमीवर हा माणूस त्या एका वर्षात जितका लढला, तितका दुसरा कोणी इंग्रज अधिकारी लढला नसेल. आणि जितका जिंकला, तितकी त्याची बढती मागे गेली. ही गंमत समजायची तर आधी थोडे मागे, ठाण्याच्या किल्ल्यापर्यंत जायला हवे.

चिमाजीअप्पांनी १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला आणि १७३९ मध्ये वसई. तेव्हापासून मुंबईकर इंग्रजांचा ठाण्याच्या साष्टी बेटावर डोळा होता. मुंबई बेट म्हणजे गोदी, वखार आणि दलदल. तांदूळ, लाकूड, भाजी, गुरे सगळे पलीकडून यायचे, आणि पलीकडे पेशव्यांचा अंमल. पुण्यात नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर जो गोंधळ माजला त्यात मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याला संधी दिसली. त्यातच गोव्याला पोर्तुगिजांची कुमक येते आहे आणि ते साष्टी परत घेणार अशी बातमी आली. मग मुंबईने वाट पाहिली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये जनरल रॉबर्ट गॉर्डनच्या हाताखाली फौज ठाण्यावर गेली. २७ तारखेला खंदक बुजवायचा प्रयत्न फसला, गोऱ्या सैनिकांची शंभरावर माणसे पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र त्यांनी किल्ला चढून घेतला आणि आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल केली. आरमाराचा प्रमुख कमोडोर जॉन वॉटसन या वेढ्यात गेला तो चमत्कारिक रीतीने. तोफेचा गोळा त्याच्या शेजारी वाळूत आदळला आणि उडालेली वाळू अंगात घुसून तो मेला. आज त्या किल्ल्यात ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. तटाला लागून रोज रिक्षा धावतात आणि आत काय घडले याची आठवण ठेवायला कोणाला सवड नाही. ती असावी असा माझा आग्रहही नाही.

ठाणे पडले आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. हे युद्ध तलवारीइतकेच लेखणीने लढले गेले. मुंबईने पेशव्यांच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांशी सुरतेला तह केला, कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो नामंजूर केला. कलकत्त्याने पुरंदरला दुसरा तह केला, तो मुंबईला रुचला नाही. वर लंडनला कंपनीचे डायरेक्टर. मुंबईहून जहाजाने पत्र जाऊन त्याचे उत्तर यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागे. म्हणजे लंडनहून जो हुकूम येई तो नेहमी जुन्या परिस्थितीवरचा असे. हार्टलीची कहाणी याच अंतरात घडली आणि याच अंतरात बिघडली.

हार्टलीचा जन्म १७४५ चा. १७६४ मध्ये तो मुंबईच्या फौजेत दाखल झाला, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी. कंपनीच्या फौजेत वर चढायचा रस्ता एकच होता, ज्येष्ठतेचा. पुढचा मरावा, निवृत्त व्हावा किंवा विलायतेला जावा, की मागचा एक पायरी वर. पराक्रमाचा त्यात फारसा संबंध नव्हता. कोकणातल्या हवेने, तापाने आणि हगवणीने जागा रिकाम्या होत असत, म्हणून थांबणाऱ्याचे अगदीच नुकसान होत नसे. हार्टली असाच पायरी पायरीने कॅप्टन झाला. त्याच्या हाताखाली देशी शिपायांची पलटण होती, आणि त्या शिपायांचा त्याच्यावर फार जीव होता असे ग्रँट डफ नमूद करतो. ग्रँट डफ पुढे साताऱ्याला होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला. सरकारी दफ्तरांबरोबर, ज्यांनी हे दिवस पाहिले अशा माणसांच्या आठवणीही त्याच्या कानावर आल्या होत्या. म्हणून हा शेरा मी हलका मानत नाही. मुंबई फौजेच्या शिपायांत कोकणातली माणसे पुष्कळ होती. मराठे होते, महार होते, बेने इस्रायली होते. मराठ्यांच्या फौजेला पाणी पाजणारी आणि कंपनीच्या तोफा ओढणारी गावे बरेचदा एकाच खोऱ्यातली असत.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकरांनी राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचे ठरवले आणि ३,९०० माणसांची फौज पनवेलवरून बोरघाट चढली. कर्नल एगर्टन सेनापती, जॉन कारनॅक मोहिमेबरोबर धाडलेल्या कमिटीचा प्रमुख. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतचे आठेक मैल कापायला या मंडळींनी अकरा दिवस घेतले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. हाच तो इष्टुर फाकडा. मराठ्यांनीच त्याला फाकडा म्हटले आणि वडगावला त्याची जागा अजून दाखवतात. पुढे एगर्टन आजारी पडला आणि सूत्रे कॉकबर्नकडे गेली. तळेगावला पोचल्यावर पुणे अठरा-वीस मैलांवर असताना कमिटीचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, सामान जाळून फौज गुपचूप मागे फिरली. गुपचूप कसली, महादजी शिंद्यांच्या लोकांनी लगोलग गाठले. पिछाडीला हार्टली होता. अंधारात, तिन्ही बाजूंनी मार खात, त्याच्या शिपायांनी ती पिछाडी धरून ठेवली. फौज वडगावपर्यंत शाबूत पोचली ती त्यांच्यामुळे.

वडगावला वरिष्ठांनी तह करायचा ठरवला तेव्हा हार्टलीने विरोध केला. परत जाणे शक्य आहे, कसे जायचे तेही सांगतो, असे तो म्हणाला. कोणी ऐकले नाही. तहात साष्टीसकट १७७३ पासून मिळवलेले सगळे परत द्यायचे कबूल झाले. फौज खाली उतरल्यावर मुंबईने तो तह पाळायचे नाकारले. पुण्याने जिंकलेली लढाई अशी कागदावर उधळली गेली. नाना आणि महादजी यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी रणात काय मिळवले याचा अभिमान आपण बाळगतो, तो रास्तच आहे. पण कोंडीत सापडलेल्या शत्रूला त्याच्या सहीवर सोडून देण्यात केवढी जोखीम होती, हे मराठी लेखणीने स्वतःशी मोकळेपणी कबूल केलेले मला फारसे दिसत नाही.

हॉर्नबीला बळी हवे होते आणि एक नायकही हवा होता. एगर्टन, कॉकबर्न आणि कारनॅक यांच्यावर ठपका आला आणि पुढे डायरेक्टरांनी तिघांनाही नोकरीतून काढले. कारनॅकची मिळकत त्याच्या मेव्हण्याला, जेम्स रिव्हेटला मिळाली. त्याने कारनॅक आडनाव घेतले आणि त्याचा मुलगा पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. मशीद बंदरजवळचा जुना कारनॅक पूल त्या गव्हर्नराच्या नावाचा होता. वडगावला बुडालेले आडनाव असे दीडशेहून अधिक वर्षे मुंबईच्या रस्त्यावर राहिले. नायक म्हणून हार्टलीची निवड झाली. मुंबई सरकारने त्याला कॅप्टनवरून एकदम लेफ्टनंट कर्नल केले. त्याच्यापुढे रांगेत उभे असलेले सगळे कॅप्टन आणि मेजर अर्थातच खवळले. अर्ज झाले. ते अर्ज, हॉर्नबीचे समर्थन आणि वडगावची सगळी कैफियत जहाजात बसून लंडनला निघाली.

ते कागद समुद्रावर होते तोवर हार्टली लढत राहिला. बंगालकडून पायी हिंदुस्थान ओलांडून आलेल्या कर्नल गॉडर्डच्या हाताखाली फेब्रुवारी १७८० मध्ये अहमदाबादच्या तटावर जी तुकडी चढली तिचा म्होरक्या हार्टली होता. मे महिन्यात गॉडर्डने त्याला कोकणात धाडले. मुंबईची तिजोरी तेव्हा रिकामी होती. फौजेचा पगार द्यायचा तर कोकणचा वसूल हाती यायला हवा, म्हणून मुंबईकरांनी कल्याण घेतले होते. आणि नानांना कल्याण सोडवत नव्हते, कारण बंदर, बाजार आणि घाटांची तोंडे तिथेच मिळत. रामजी महादेव बिवलकरांच्या सरसुभेदारीपासून उत्तर कोकणचा कारभार या गावातून चालत आलेला. शहराला मोगलाईत बांधलेला तट होता, खाडीच्या अंगाला दुर्गाडीचा किल्ला. एवढ्या आधारावर कॅम्पबेलने तग धरला होता.

मराठे तटावर चढायच्या बेतात असतानाच, २४ मेच्या सुमारास, हार्टली पोचला. त्याने थांबून मोर्चेबंदी वगैरे केली नाही. रात्रीच मराठ्यांच्या छावणीवर पडला. छावणी उधळली आणि कल्याण मोकळे झाले. फाइफच्या पत्रातल्या धमकीचा दुसरा अर्धा भाग तरी तिथेच संपला.

पावसाळ्यात मोठ्या हालचाली होत नसत. पण मलंगगडाचे प्रकरण पावसातच सुरू झाले. डोंबिवलीच्या कुठल्याही उंच गच्चीवरून जो कातळाचा सुळका दिसतो, तो हा गड. खाली पीरमाची, मध्ये सोनेमाची, वर बालेकिल्ला. ऑगस्टमध्ये कॅप्टन ॲबिंग्टनने रात्री अचानक चढाई करून खालची माची घेतली. पण गडकरी वर सटकले आणि बालेकिल्ला काही हाती येईना. ॲबिंग्टन खाली बसून राहिला. पावसाने उघडीप दिली तशा घाटावरून मराठी फौजा उतरल्या आणि वेढा घालणाराच वेढ्यात सापडला. वर गडकरी, खाली पुण्याची फौज. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याला सोडवायला पुन्हा हार्टलीच गेला. ज्यांनी हाजीमलंगच्या यात्रेला तो चढ चढून पाहिला आहे, त्यांना पावसाळ्यात माचीवर बसलेल्या पलटणीची काय दशा झाली असेल ते सांगायला नको.

आता खरी लढत. नोव्हेंबरात गॉडर्ड वसईसमोर येऊन बसला. वसई हा उत्तर कोकणचा सर्वात बळकट किल्ला. तो सोडवायला पुण्याहून फौज येणार हे उघड होते. गॉडर्ड तोफा लावून किल्ला फोडत असताना घाटावरून उतरणारी ही फौज कोणीतरी अडवून धरायला हवी. ते काम हार्टलीकडे आले. टिटवाळा आज गणपतीमुळे सर्वांना माहीत आहे. त्या परिसरात त्याने जवळजवळ महिनाभर मराठ्यांना तोंड दिले. मग रेटा वाढला तसा तो एकेक पाऊल मागे घेत वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या दुगाडला येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ लढती माणसे जेमतेम दोन हजार. समोर हरिपंत फडके आणि रामचंद्र गणेश कानडे. इंग्रजी लेखांत त्यांची फौज वीस हजारांवर सांगितली आहे. शत्रूचा आकडा फुगवून सांगायची रीत सगळ्यांचीच, तेव्हा त्यातले थोडे कमी करून वाचावे.

रामचंद्र गणेश हा लहान असामी नव्हे. थोरल्या माधवरावांनी १७६९ मध्ये जी फौज उत्तरेत पाठवली, तिचा तो सरदार. विसाजी कृष्ण, महादजी शिंदे, तुकोजी होळकर यांच्या बरोबरीने पानिपतानंतर मराठ्यांचा दबदबा त्याने तिकडे पुन्हा बसवला होता. आता तो दुगाडच्या माळावर होता, आणि त्याच्याबरोबर नोरोन्या नावाचा पोर्तुगीज अधिकारी.

१० डिसेंबरला मराठ्यांनी पुढून-मागून हल्ले केले, ११ ला पुन्हा केले. हार्टली हलला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन टेकाडे होती आणि त्यांच्यावर त्याच्या फळीची मदार होती. ती मराठ्यांच्या हाती गेली तर तो सपाटीवर उघडा पडणार. ११ च्या रात्री त्याने अंदाज बांधला की उद्या सकाळी हल्ला येणार तो याच टेकाडांवर. रातोरात त्याने तिथे आडोसे उभारले, तोफा चढवल्या. १२ ची पहाट दाट धुक्याची उगवली. रामचंद्र गणेशाने नेमका त्याचाच फायदा घेतला. निवडक माणसे घेऊन तो धुक्याच्या आडोशाने टेकाडाच्या अगदी जवळ पोचला. आणि धुके एकाएकी फाटले. समोर कालपर्यंत नव्हत्या त्या तोफा. काही मिनिटांत रामचंद्र गणेश पडला, नोरोन्या जखमी झाला. सरदार पडल्यावर फौज मागे हटली.

ज्या वसईसाठी रामचंद्र गणेशाने जीव दिला, ती आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, गॉडर्डच्या हाती पडली होती. दुगाडपासून वसई एका मजलेच्या अंतरावर आहे. या लढाईत मराठ्यांचे नियोजन चुकले असे मला वाटत नाही. धुक्याची वेळ, जागेची निवड, सगळे बरोबर होते. समोरचा माणूस त्यांच्यासारखाच विचार करणारा निघाला, एवढेच. गॉडर्ड दुसऱ्या दिवशी येऊन ती जागा पाहून गेला आणि त्याने हार्टलीची तोंड भरून तारीफ केली.

आणि मग लंडनचे पत्र आले.

डायरेक्टरांनी वडगावचे कागद वाचले होते. हार्टलीच्या शौर्याबद्दल त्यांना शंका नव्हती, तसे त्यांनी म्हटलेही. पण एका कॅप्टनला सगळ्यांच्या डोक्यावरून उचलून लेफ्टनंट कर्नल करणे हे बाकीच्या अधिकाऱ्यांवर अन्यायाचे आहे, असे त्यांनी ठरवले. हार्टलीची बढती त्यांनी रोखली. पगार लेफ्टनंट कर्नलचा चालू राहील, पण हुद्दा मिळायचा तो त्याची पाळी येईल तेव्हा. म्हणजे अहमदाबाद, कल्याण, मलंगगड, टिटवाळा आणि दुगाड इथे ज्यांच्यावर त्याने हुकूम चालवला, त्यांतल्या काहींच्या मागे आता त्याने उभे राहायचे. निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर दुगाड हे नाव अजून पोचायचेच होते.

डायरेक्टरांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे म्हणणे सोपे आहे. पण कंपनीची नोकरी ज्येष्ठतेच्या एका हमीवर उभी होती. घरदार सोडून सोळाव्या-सतराव्या वर्षी इकडे आलेल्या मुलांना हीच आशा दाखवलेली असे, की जगलात तर चढाल. गव्हर्नराच्या मर्जीने ती रांग मोडू दिली असती तर उद्या पराक्रमाच्या नावाखाली भाचे-पुतणे चढले असते, आणि कंपनीत भाच्या-पुतण्यांना काय तोटा होता! हॉर्नबीने हार्टलीला वर काढले त्यातही वडगावचा डाग झाकायची घाई होतीच. तरीही ज्या माणसाने एका वर्षात एवढे केले त्याला हे कळवण्याची रीत अत्यंत कोरडी होती. हार्टली उद्वेगाने नोकरी सोडून विलायतेला गेला.

तो गेल्यावर इथे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण त्यावरून त्याच्या मेहनतीची किंमत ठरते. १७८१ च्या फेब्रुवारीत गॉडर्ड बोरघाट चढला आणि नानांना दबवायला बघू लागला. नाना दबले नाहीत. परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेलहून घाटाकडे जाणारी त्याची रसद कापून काढली. एप्रिलमध्ये गॉडर्डला पनवेलपर्यंत माघार घ्यावी लागली, त्यात ४६६ माणसे ठार आणि जखमी झाली. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेला बसून पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला, म्हणून आपल्याला या मोहिमेची मराठी बाजू छावणीतल्या माणसांच्या तोंडून ऐकता येते. इंग्रजी बाजूचे सरकारी कागद फॉरेस्टने १८८५ मध्ये मुंबई सेक्रेटरिएटच्या दफ्तरातून निवडून छापले. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा वाचक दुर्मिळ. ठाण्या-कल्याणच्या महाविद्यालयांतून तरी तो निपजावा. पाठ्यपुस्तकात हे युद्ध वडगाव आणि सालबाई या दोन नावांत आटोपते आणि मधले कल्याण कोणाच्या लक्षात राहत नाही.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी आणि ठाणे इंग्रजांकडे राहिले. वसई आणि कल्याण पेशव्यांना परत मिळाले. कॅम्पबेलने ज्या शहराबद्दल ते उद्धट उत्तर पाठवले होते, ते नानांना अखेर मिळाले, तटावर न चढता. पुढची पस्तीस वर्षे, १८१७ पर्यंत, ते पेशवाईतच राहिले.

हार्टलीने लंडनला आपली कैफियत मांडली. डायरेक्टरांना आपला नियम मोडता येत नव्हता, पण माणूस गमावणेही परवडत नव्हते. त्यांनी त्याची शिफारस राजाकडे केली. १७८७ मध्ये हिंदुस्थानासाठी राजाच्या फौजेच्या नव्या रेजिमेंटी उभ्या राहिल्या, त्यांतल्या ७५ व्या रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल म्हणून हार्टलीची नेमणूक झाली. यातली मेख ज्यांना कळायची त्यांना मुंबईत बरोबर कळली असणार. राजाचा अधिकारी समान हुद्द्याच्या कंपनीच्या अधिकाऱ्यापेक्षा वरचा धरला जाई. ज्यांनी त्याच्याविरुद्ध अर्ज केले होते, त्यांच्यापैकी जे लेफ्टनंट कर्नलपर्यंत पोचले असतील, त्यांना आता त्याच्यापुढे सलाम ठोकायचा होता.

तो परत आला तो मलबारवर. डिसेंबर १७९० मध्ये कालिकतच्या बाजूला टिपू सुलतानाचा सरदार हुसेन अली याचा त्याने मोठा पराभव केला, १७९३ मध्ये फ्रेंचांकडून माहे घेतले, १७९६ मध्ये मेजर जनरल झाला. श्रीरंगपट्टण पडले त्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, थोड्याशा आजाराने कण्णूरला वारला. वय चोपन्न. कोकणात तो पुन्हा लढायला आला नाही.